चाकावरची जागा

त्या घरातल्या दोघी जावा दिवसभर एकमेकींकडे तोंड करून काम करायच्या, आणि दोघींनाही एकमेकींचं तोंड बघवत नव्हतं. याला इलाज नव्हता, दोर वळायचं कामच तसं. एकीने छपराखाली बसून चाक फिरवायचं. दुसरीने कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, पुंजका गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं आणि बोटांतून वाख सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जायचं, थेट मैदानाच्या टोकाला रोवलेल्या खुंटापर्यंत. चालणारीचं तोंड चाकाकडे, चाकावालीचं तोंड चालणारीकडे. मान वळवली की पीळ बिघडलाच.

छप्पर तेवढं चाकावर. मैदानात झाड सोडा, झुडूपसुद्धा नाही. दोराला अडेल असं वाटेत काही ठेवतच नाहीत. चाकावर थोरली बसायची आणि उन्हात धाकटी चालायची.

ही जागा थोरलीला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. लग्न करून आली तशी सासूने तिला मैदानात काढली होती. तिथे तिची कातडी रापली, टाचा फुटल्या, गुडघे कामातून गेले. मग सासूची कंबर धरली, म्हातारीने खाट धरली, तेव्हा कुठे थोरलीला चाकासमोरचा पाट मिळाला. "जन्मात मी बसले कुठे, तर या पाटावर," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाटाला तिच्या बसण्याचा खळगा पडला होता.

त्यामुळे धाकटी एका सकाळी छपराखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊबाई, थोडे दिवस मला चाकावर बसू द्याल का?" तेव्हा थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चाकावर? आणि मी कुठे बसू? तुझ्या डोक्यावर?"

"उन्हात गेलं की तोंड पेटतं माझं. संध्याकाळी ताप भरतो. सांधे तर..."

"सांधे मला पण आहेत. देवाने तुला एकटीलाच नाही दिले."

"थोडे दिवसच म्हणते मी."

"आज पाट मागतेस, उद्या चूल मागशील, परवा मला दार दाखवशील. ओळखून आहे मी तुला. चल, वाख बांध!"

धाकटीने वाख बांधला. बोटं नीट वळत नव्हती, गाठ मारायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. थोरलीने तोवर चाकाची मूठ धरून मोठ्याने सुस्कारे सोडले.

त्यात दिवस घाईचे. बोटी पाण्यात उतरायच्या आत बंदरावरच्या दलालाला सगळे दोर हवे होते. वेळेवर आले नाहीत तर यंदापासून प्लास्टिकचे घेतो, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. आसपासच्या घरांतली चाकं केव्हाच मोडून चुलीत गेली होती. हे एक घर अजून तगून होतं ते त्या दलालाच्या जिवावर. दोघे भाऊ पहाटेच डोंगरावर घायपात कापायला जायचे, उरलेल्या वेळात पाती ठेचून, हौदात भिजवून वाख काढायचे. दोर मात्र बायकांच्याच हातांचा.

धाकटीच्या तोंडावर जे उठलं होतं ते सगळ्यांना दिसत होतं. नाकाच्या दांडीवर आणि दोन्ही गालांवर लालभडक चट्टा, नाकाच्या कडेच्या घड्या तेवढ्या कोऱ्या. थोरलीने तिचं नावच 'लाजरी' ठेवलं होतं. "आली का लाजरी? कुणाला बघून लाजलीस आज?" असं म्हटल्याशिवाय तिचा चहा घशाखाली उतरत नसे.

वाखाच्या धंद्यातल्या माणसांना चट्ट्याचं नवल नव्हतं. हिरव्या पातीचा चीक अंगावर उडाला की पुरळ उठतं, आग आग होते. 'पात लागली' म्हणतात त्याला. त्यावर या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय एकच: खसाखसा धुवायचं आणि उन्हात उभं राहायचं. चीक वाळतो, खपली धरते, गळून जाते. सगळ्यांची गेली होती, हिची का जाणार नाही? पात लागते ती हातांना, पोटऱ्यांना. ती बाकी अंग सोडून नेमकी दोन गालांवर मोजूनमापून कशी बसली, हे मात्र एकालाही सुचलं नाही. सुचायला आधी तिच्याकडे माणूस म्हणून बघावं लागलं असतं.

सासूने खाटेवरूनच फर्मान काढलं, "डोक्यावरचं फडकं काढायला लाव तिला. तोंड झाकून चालते, ऊन लागणार कसं? मग जाणार कसं ते?"

"ऐकलंस ना?" थोरली म्हणाली. "फडकं काढ."

धाकटी म्हणाली, "उन्हाने वाढतं हो. मी बघितलंय. घरात राहिले त्या दिवशी फिकं होतं."

"अगं बाई! आम्ही इतकी वर्षं गवत उपटलं का? म्हणे उन्हाने वाढतं!"

थोरलीने स्वतः उठून तिच्या डोक्यावरचं फडकं ओढलं. फडक्याबरोबर केसांचा पुंजका हातात आला. थोरली क्षणभर बघतच राहिली. मग तिने तो झटकला आणि म्हणाली, "न्हाणीघरात पण तेच. मोरी तुंबते तुझ्या केसांनी. साफ मी करायची."

दिवस असे चालले. सकाळी धाकटी उठायची ती लाकडासारखी. मूठ मिटत नसे, पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. ऊन चढलं की बोटं हळूहळू मोकळी व्हायची, आणि नेमकं हेच थोरलीच्या डोळ्यांत खुपायचं. दुखणं म्हणजे दुखणं. सकाळी आहे, दुपारी नाही, हे काय दुखणं झालं? सकाळची कामं टाळायची ही युक्ती, दुसरं काय!

हौदातून भिजका वाख काढायला पाठवली तर परत येताना हिची बोटं पांढरीफटक. रक्ताचा थेंब नाही. मग निळी पडायची, मग लाल व्हायची.

"चुन्यात बुडवून आलीस का गं?" थोरलीने विचारलं.

"पाणी गार आहे. बोटं मरतात माझी."

"हौदात ऊन पाणी ओतायला माणूस ठेवू तुझ्यासाठी."

जेवताना तोंडात फोड आले म्हणून ती अर्ध्यावर उठायची. थोरलीने त्याचाही अर्थ लावून ठेवला होता. "माझ्या हातचं गिळवत नाही राणीसाहेबांना," ती सासूला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. म्हातारी हुंकार भरायची. तिला दोन्ही सुनांच्या भांडणात करमणूक होती. खाटेवर पडल्या पडल्या आणखी काय होतं बिचारीला!

धाकटीचा नवरा तसा स्वभावाने मऊ, भावजयीपुढे तोंड उघडायला कचरणारा. तरी त्याने एक तोड सुचवून पाहिली.

"वहिनी, पहाटे दोर वळला तर? उजाडायच्या आत निम्मं काम उरकेल. तिला ऊन लागायचं नाही."

"वळू की," थोरली म्हणाली. "मला काय! मी उद्या पहाटेचीच बसते."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती खरंच जाऊन बसली. धाकटी आली, डोंगरावर न जाता थांबलेल्या नवऱ्याकडून कमरेला वाख बांधून घेतला, आणि उभी राहिली. बोटांत वाख धरवेना. पेड कुठे बोटाएवढा जाड, कुठे सुतळीएवढा बारीक, आणि दहा पावलांवर तुटला. पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. नवरा खाली मान घालून उभा.

थोरलीने मूठ सोडली आणि कमरेवर हात ठेवले. "सकाळी हात चालत नाहीत, दुपारी ऊन चालत नाही. मग तुझं चालतं तरी काय?"

धाकटी पहिल्यांदाच उसळून बोलली, "तुमची जीभ चालते तेवढं माझं काहीच चालत नाही!"

"ऐकलंत भाऊजी? ऐकलंत? आजारी आहे म्हणे! आजारी माणसाला एवढं बोलायची ताकद असते?"

भाऊजींनी काहीच ऐकलं नाही. ते हौदाकडे निघून गेले.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. चाक कुरकुरायचं, वाख सरसरायचा, बस. थोरली पाटावर बसून जावेकडे बघायची. बघण्यावाचून दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. धाकटीचे पाय सुजले होते. पट्ट्याच्या चपला बसेनात म्हणून ती अनवाणी चालायची. घोट्यापाशी बोट लावलं तर खळगा पडेल असे पाय. संध्याकाळी ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली की सासू विचारायची, "दिवस गेलेत का गं तुला?" आणि धाकटी नुसती मान हलवायची, नाही म्हणून.

शेवटचे तीनच दोर उरले होते तेव्हाची गोष्ट. दुपार टळटळीत. धाकटी खुंटाच्या अलीकडे पोचली होती आणि तिची पावलं वाकडी पडायला लागली. थोरलीने ते पाहिलं. धाकटीने मान वर केली, तोंड उघडलं, ओठ हलले. वाऱ्यावर आवाज छपरापर्यंत आला नाही, पण 'थांबा' म्हणायला ओठ कसे होतात ते कुणालाही कळतं. थोरलीलाही कळलं. पण दोर टोकाला आला होता, आणखी थोडा पीळ बसला की झाला. आत्ता थांबलं तर सगळा दोर पुन्हा उकलावा लागणार. नाटकं, तिच्या मनात आलं, आणि तिने मूठ फिरवत ठेवली. आणखी एक फेरा. आणखी एक.

धाकटी खाली कोसळली. दोर सैल झाला आणि पिळाच्या जोराने उड्या मारत, वेटोळी घालत तिच्या अंगावर गोळा झाला. त्या भेंडोळ्यात ती पडून होती आणि तिचं अंग तव्यासारखं तापलेलं.

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टरीण होती. बोलायला फटकळ, पण हात हलका. तिने धाकटीच्या गालांवरचा चट्टा पाहिला, तोंड उघडायला लावून टाळूवरचे फोड पाहिले, बोटांचं एकेक पेर दाबलं, पायावर अंगठा रोवून किती खोल खळगा पडतो ते पाहिलं.

"लघवीला फेस येतो?"

"येतो. साबणासारखा."

"किती दिवस?"

"पात लागली तेव्हापासून."

"काय लागली?"

मग पातीचं सगळं सांगावं लागलं. फडकं काढल्याचं, उन्हात उभं केल्याचं. सांगत होता धाकटीचा नवरा. थोरली भिंतीशी उभी होती आणि तिला एकाएकी छताचा पंखा फार आवडायला लागला होता, तिची नजर तिथून हलेना.

रक्त घेतलं, लघवी घेतली, पुन्हा बोलावलं. मग डॉक्टरीण सगळ्यांना समोर बसवून म्हणाली, "हा ल्युपस आहे. आपल्या रक्तात आपली राखण करणारे असतात ना, ते फितूर होतात आणि आपल्याच अंगावर उठतात. कातडीवर, सांध्यांवर, केसांवर. हिच्या मूत्रपिंडांवर उठलेत. हा आजार कधी झोपतो, कधी जागा होतो. सध्या चांगलाच जागा आहे. गोळ्या लागतील, तोंड सुजेल गोळ्यांनी, घाबरू नका आणि आपल्या मनाने बंद करू नका. पुन्हा पुन्हा तपासायला आणा. बरा होऊन निघून जाईल असं मी म्हणणार नाही. पण झोपवून ठेवता येतो."

"आणि उन्हाचं?" नवऱ्याने विचारलं.

"ऊन म्हणजे याला विष. तुम्ही तिला औषध म्हणून रोज विष पाजत होतात." तिने थोरलीकडे पाहिलं. "तुम्ही घरातल्या मोठ्या ना? दिवसभर सोबत काम करता म्हणे. पाय सुजलेले दिसले नाहीत? तोल जातोय ते दिसलं नाही?"

थोरलीने उत्तर जुळवायच्या आत खाटेवरून धाकटीचा आवाज आला.

"त्यांना कसं दिसणार बाई? त्या तिकडे छपरात असतात. मी किती लांब. मला तरी त्या कुठे दिसतात? नुसता काळोख दिसतो छपरात."

थोरलीने चटकन मान डोलावली. "हो ना. लांब फार आहे. आणि माझी नजर पण आता पहिल्यासारखी राहिली नाही."

डॉक्टरीणबाई मान खाली घालून लिहायला लागली. थोरली सुटली. सुटली खरी, पण त्या सुटकेचा तिला राग आला. जिला आपण पाण्यात पाहतो तिनेच आपल्याला वाचवावं, याच्याइतकं वाईट काही नाही.

धाकटी बरेच दिवस घरात पडून होती. ताप उतरला, पाय ओसरले, बोटं सकाळीही वळायला लागली. गोळ्यांनी तोंड मात्र गरगरीत झालं, आणि बघायला आलेल्या शेजारणी म्हणाल्या, "छान अंग धरलंस गं! विश्रांती मानवली." धाकटीने भिंतीकडे तोंड केलं. त्या शेजारणींना थोरलीने काय म्हणावं? "तिची मूत्रपिंडं सुजली होती, अंग नाही धरलं. चहा झाला असेल तर उठा." शेजारणी अवाक झाल्या. थोरलीलाही आपण हे का बोललो ते कळलं नाही.

या दिवसांत उरलेले तीन दोर काही झाले नव्हते. धाकटीच्या नवऱ्याने मैदानात चालून पाहिलं, पण त्याचे हात पाती कापणारे, त्याचा पेड दोरासारखा कमी आणि वेलीसारखा जास्त दिसायचा. दलालाचा निरोप आला: बोटी थांबणार नाहीत, चार दिवस आणखी देतो, पुढे तुम्ही मोकळे आणि मी मोकळा.

त्या संध्याकाळी धाकटीचा नवरा भावजयीच्या समोर येऊन उभा राहिला. या खेपेला तो कचरला नाही.

"वहिनी, ती उन्हात जाणार नाही."

"मी कुठे म्हटलं जा म्हणून?"

"पण बसून चाक फिरवता येतं तिला. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्यात. तुम्ही पाट सोडा, नाहीतर मी ते चाक उपटून चुलीत घालतो. सगळेच बसू घरात."

थोरल्या भावाने बायकोकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. सासू खाटेवर उठून बसली होती. थोरलीला वाटलं, सगळं घर टपून बसलंय आपल्या त्या हातभर लाकडावर. माझ्या गुडघ्यांचं कुणी विचारलं? मी चालत होते तेव्हा कुणी उपटायला निघालं होतं का चाक? तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचंच होतं.

"कुणी मागून घ्यायची गरज नाही," ती म्हणाली. "मी देते. दिलं म्हणा, घेतलं म्हणू नका."

सकाळी तिने स्वतः पाट पुसला. धाकटी डोक्यावर फडकं बांधून, भिंतीच्या सावलीसावलीने छपरात आली.

"बस," थोरली म्हणाली. "मूठ उजवीकडून फिरव. मध्ये थांबायचं नाही. मी हात वर केला की थांबायचं."

धाकटी बसली. पाटाचा खळगा तिला मोठा होत होता, ती जरा सावरून बसली आणि म्हणाली, "जाऊबाई, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तू चाक बघ."

थोरलीने कमरेला वाख गुंडाळला, टोक आकड्यात अडकवलं आणि मागे पाऊल टाकलं. बोटं विसरली नव्हती. पेड एकसारखा सुटत होता. छपराची कड डोक्यावरून गेली आणि ऊन थोबाडीत मारावं तसं तोंडावर आलं. दोन्ही गुडघ्यांतून कळ निघाली. ती मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत मागे मागे जात राहिली: नवऱ्याला, दिराला, त्या फटकळ डॉक्टरणीला. मैदानाच्या मध्यावर आली तेव्हा छपराखाली नुसता काळोख उरला होता. पाट नाही, चाक नाही, त्यावरचं माणूस नाही.

आणि दोर थरथरायचा थांबला.

"काय झालं?" थोरली ओरडली. "मूठ का सोडलीस? पीळ जाईल!"

दोर दोघींच्या मध्ये लोंबायला लागला.

"अगं, बरं वाटत नाही का? बोल ना!"

"मला बरं वाटतंय," धाकटीचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द. वारा आज पडलेला होता. "तुमच्या हनुवटीवर घाम आहे. डाव्या पायाने लंगडताय तुम्ही. आत्ता ओठ चावलात."

थोरली उन्हात उभी राहिली. तिच्या मुठीत वाख होता, तो ओला झाला.

"मी कधी बसलेच नव्हते इथे," धाकटी म्हणाली. "मला वाटायचं, मला उन्हातून तुम्ही दिसत नाही, तसं तुम्हालाही काही दिसत नसेल. त्या बाईंना मी तेच सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत."

थोरलीने हनुवटी खांद्याला पुसली.

"मी थांबा म्हणाले होते."

नजर कमी झालीय म्हणता आलं असतं. लांब फार आहे म्हणता आलं असतं. वर्षानुवर्षं सासू या चाकावर बसून आपल्याला अशीच बघत होती आणि काही बोलत नव्हती, हेही थोरलीला आता सांगता आलं असतं. पण ऊन तोंडावर होतं आणि तोंड फिरवायला जागा नव्हती. तिकडून आपल्या डोळ्यांची उघडझापसुद्धा दिसत होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"दिसलं होतं," ती म्हणाली. "ओठ हललेले दिसले होते."

मग चाक कुरकुरलं. दोर ताठ झाला आणि थोरलीच्या बोटांतला वाख जोराने ओढला गेला, तिच्या चालीपेक्षा जोराने.

"चला मागे," काळोखातून आवाज आला. त्यात 'जाऊबाई' नव्हतं.

थोरली मागे चालायला लागली.